गाडीचं काळं प्लॅस्टिक पांढरट पडतंय? बाटली विकत घेण्याआधी ओला हात फिरवून बघा

सातमाळा (धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी,

गाडीच्या रंगाची काळजी आपण सगळेच घेतो. पॉलिश, वॅक्स, हल्ली सिरॅमिक कोटिंगसुद्धा. पण त्याच गाडीचं रंग न दिलेलं, खरबरीत काळं प्लॅस्टिक चार-पाच उन्हाळ्यांत राखाडी होतं आणि उत्तम चालणारी गाडीही थकलेली दिसायला लागते. बंपरची खालची कड, चाकांभोवतीचं क्लॅडिंग, आरशाचा खालचा भाग, रूफ रेल, बेस मॉडेलची हँडलं, आणि सगळ्यांत आधी काचेखालची वायपरची जाळी, म्हणजे काऊल. यावर मराठीत शोधलं तर 'अमुक तेल लावा, गाडी नव्यासारखी' यापलीकडे फार काही हाती लागत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. काळं दिसणं वेगळं आणि काळं टिकणं वेगळं. बाजारातल्या बहुतेक बाटल्या पहिलं काम करतात, दुसरं फार थोड्या करतात. आणि वरचा थर एकदा उन्हानं खाल्ला, की तो परत आणणारी बाटली कुणीच बनवलेली नाही. त्यामुळे खरी मेहनत प्लॅस्टिक काळं आहे तेव्हाच घ्यायची.

हे प्लॅस्टिक बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन असतं. ते धक्का सोसावं म्हणून त्यात ईपीडीएम रबर मिसळतात आणि ताठ राहावं म्हणून टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. बंपरच्या किंवा क्लॅडिंगच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून बघा, 'पीपी+ईपीडीएम-टीडी २०' असं काहीतरी उठवलेलं दिसेल. त्यातला २० म्हणजे २० टक्के टाल्क. आता पॉलिप्रॉपिलीनच्या लांबलचक साखळीत ठरावीक अंतरानं एक कच्ची जागा असते, तिथला हायड्रोजन सहज सुटतो. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच घाव घालतात. साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतलं टाल्क उघडं पडतं. अशा खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला तो पांढरट दिसतो. उष्णता या सगळ्याला वेग देते. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर उभ्या गाडीचं काळं प्लॅस्टिक ६०-७० अंशांच्या घरात जातं, हात टेकवत नाही.

काऊल आधी का जाते? कारण ती जवळपास आडवी असते. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या आठवड्यांत दाराच्या उभ्या पट्टीवर ऊन तिरकं पडतं, पण काऊल, रूफ रेल आणि बंपरचा वरचा काठ यांना ते सरळ लागतं.

आता परीक्षा. गाडी सावलीत लावा, प्लॅस्टिक गार होऊ द्या, धूळ धुवून घ्या आणि मग ओला हात फिरवा.

ओलं असेपर्यंत काळंभोर आणि वाळताच पुन्हा राखाडी, असं झालं तर पृष्ठभाग झिजलाय. पाणी भेगांत भरलेलं असतं तेवढाच वेळ तो काळा दिसतो. ओलं असतानाही पांढरे ओरखडे आणि कडा तशाच राहिल्या तर बहुधा वर वाळलेलं वॅक्स किंवा पॉलिश बसलंय. गोल कडांचे ठिपके असतील तर बोअरच्या पाण्याचे क्षार. नेहमीचं पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून कापडानं लावा आणि मिनिटभरानं धुऊन टाका. ठिपके गेले तर निदान पक्कं. वाळल्यावर बोट घासून पांढरी पूड लागत असेल तर काम बरंच पुढे गेलंय.

मी बघतो तेव्हा निम्म्याअधिक लोकांच्या गाडीवर नुसता वॅक्सचा आणि क्षारांचा थर असतो, प्लॅस्टिक आतून ठणठणीत असतं, आणि ते त्या थरावरच तेल चोपडत बसतात.

तुमच्याकडचं ऊन, पाणी, पाऊस वेगळा असेल. काय चाललं, काय नाही, लिहा.

संत्रानगरी

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. नागपुरात काऊल तर दुसऱ्याच उन्हाळ्यात रंग सोडते हो. आमचा वॉशिंगवाला भाऊ खोबरेल तेलात थोडं डिझेल घालून फडका मारून देतो. दोन-तीन दिवस गाडी झकास दिसते. यानं काही बिघडतं का, की नुसताच उपयोग नाही?

सातमाळा

@संत्रानगरी, दोन्ही वेगवेगळं बघू.

खोबरेल तेल त्या भेगांत भरतं, म्हणजे पाण्याचंच काम जरा जास्त वेळ करतं. अतिनील किरण अडवण्याजोगं त्यात काही नाही. वर ते धूळ धरून ठेवतं, आणि २४ अंशांच्या खाली थिजतं. नागपूरच्या डिसेंबरात सकाळी प्लॅस्टिकच्या खाचांत पांढरट मेणासारखे थर दिसतात, ते हेच. प्लॅस्टिक मरत नाही यानं, पण स्वच्छ करायचं काम दुप्पट होतं.

डिझेलला मात्र ठाम नाही म्हणा. पॉलिप्रॉपिलीन आम्लाला, साबणाला दाद देत नाही, पण डिझेल-रॉकेलसारखी तेलं त्यात मुरतात आणि ते किंचित फुगतं. शेजारची रबरी बीडिंग त्याहून जास्त फुगते, मग ढिली पडते. कारखान्यात प्लॅस्टिकमध्ये ऊन सोसण्यासाठी जी रसायनं घातलेली असतात, ती आधीच वर्षागणिक कमी होत असतात. ती धुऊन काढणारं काहीही त्यावर नको. भाऊला सांगा, नुसतं शाम्पूनं धू आणि कोरडं पूस.

ठिबकवाला (जळगाव)

एक शंका. आमच्या शेतात ठिबकच्या काळ्या नळ्या वर्षानुवर्षं उन्हात पडून असतात. त्या काळ्या असतात त्याच मुळी उन्हासाठी, साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो त्यात. काळा रंगच जर ऊन अडवतो तर गाडीचं काळं प्लॅस्टिक का खराब व्हावं?

रेणुबंध

@ठिबकवाला, प्रश्न अगदी मर्मावर आहे. प्लॅस्टिकच्या धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून उत्तर द्यायचा मोह होतोय.

कार्बन ब्लॅक खरोखरच उत्तम ढाल आहे. ऊन तो वरच्या थरातच शोषून घेतो, आत जाऊ देत नाही. म्हणून तर तुमची नळी आतून शाबूत राहते आणि गाडीचा बंपरही तडकून पडत नाही. दोन्हीकडे जळतो तो केसाहून पातळ असा वरचा थर. नळीचाही वरचा थर मंद होतोच, पण नळीकडून आपल्याला पाणी हवं असतं, तिच्या रंगाकडे कोण बघतो? गाडीच्या पट्टीचं तर दिसणं हेच निम्मं काम.

फरक आणखी दोन. नळी पॉलिएथिलीनची असते, त्याच्या साखळीत त्या कच्च्या जागा फार कमी. पॉलिप्रॉपिलीन मुळातच उन्हाला हळवं. दुसरं म्हणजे टाल्क. काळ्या प्लॅस्टिकमध्ये मूळ पांढरी पूड भरलेली आहे, वरचं आवरण झिजलं की ती दिसणारच. शिवाय गाडीच्या पट्टीला चामड्यासारखी खरबरीत नक्षी असते. तिच्या खाचांत धूळ, वॅक्स, क्षार अडकतात आणि सपाट नळीपेक्षा ती लवकर मळकट दिसते.

एक इशारा देतो. गाडीवरचं प्रत्येक काळं प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीन नसतं. ग्रिल, आरशाचं झाकण, खांबांवरची पियानो ब्लॅक पट्टी हे बऱ्याचदा एबीएस नावाचं वेगळं प्लॅस्टिक किंवा त्याच्या जवळचं काही असतं. एबीएसला थिनर किंवा ॲसिटोन लागलं तर पृष्ठभाग विरघळून चिकट होतो, मग तो दुरुस्त होत नाही. मागच्या बाजूला छाप वाचल्याशिवाय कुठलंही जोरदार द्रावण लावू नका. आणि चकचकीत पियानो ब्लॅकला या धाग्यातलं काहीच लागू नाही, त्याचा शत्रू ऊन कमी आणि कोरडा फडका जास्त.

ठिबकवाला

आता समजलं. धन्यवाद सर.

हर्णैची_लाट

कोकणातून लिहितेय. आमच्याकडे उन्हाइतकाच पावसाचा त्रास. चार महिने गाडी ओली, झाडाखाली उभी. काऊलच्या जाळीत पानं कुजतात, रबराच्या कडेनं हिरवं शेवाळ धरतं आणि खरबरीत प्लॅस्टिकवर काळपट-हिरवे डाग पडतात. हे डाग मऊ टूथब्रश आणि पातळ शाम्पूनं जातात, घासायला जोर लागत नाही. ब्रश खाचांच्या दिशेनं चालवा, आडवा नको.

पण मला दुसरंच सांगायचंय, आणि ते कळकळीनं सांगतेय. काऊलवर चमकणारं सिलिकॉन ड्रेसिंग, म्हणजे प्लॅस्टिक-टायर चमकवायचं पॉलिश, लावू नका, निदान पावसाळ्यात तरी. पहिल्या सरीबरोबर ते काचेवर येतं आणि वायपर ते पसरवतो. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यात सगळी काच फुटल्यासारखी चमकते. आंबा घाट किंवा वरंध घाटात पावसात गाडी चालवणाऱ्याला हे काय असतं ते वेगळं सांगायला नको. दिसण्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

रंगारी_पुणे

हर्णैताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे 'वायपर नवे टाकले तरी काच साफ होत नाही' म्हणून गाड्या येतात, तेव्हा मी आधी काऊलवर बोट फिरवून बघतो. स्टिअरिंग, पेडल, दुचाकीची सीट आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग इथेही हे ड्रेसिंग कधी लावू नये.

मिस्त्री_डोकं

सगळे बाटल्यांबद्दल बोलताहेत. हीट गन मारली की प्लॅस्टिक एका मिनिटात काळं होतं, फुकटात. आतलं तेल वर येतं आणि रंग परत येतो. व्हिडिओ बघा पाहिजे तर.

रंगारी_पुणे

@मिस्त्री_डोकं, दादा, काळं होतं हे खरं आहे. आतलं तेल वर येतं हे खरं नाही, कारण आत तेल नसतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि हीट गनची हवा ५०० अंशांपर्यंत सहज जाते. वरचा झिजलेला थर वितळतो, भेगा बुजतात, म्हणून काळं दिसतं. पण ऊन अडवणारं नवीन काही त्यात आलं नाही. उलट तो थर आता आणखी भाजलेला आहे, म्हणून पुढच्या वेळी आधीपेक्षा लवकर पांढरा होतो. हात जरा रेंगाळला की नक्षी वितळून तिथे गुळगुळीत चकाकता डाग पडतो, आणि तो कायमचा. शेजारी बंपरचा रंग असेल तर तोही फुगतो. भंगारात जाणाऱ्या तुकड्यावर करून बघा, गाडीवर नको.

आता विषय निघालाच आहे तर कामाच्या अनुभवातून सविस्तर लिहितो, कारण लोक आमच्याकडे उशिरा येतात आणि मग खर्च वाढतो.

कोणताही उपाय असो, ऐंशी टक्के काम साफसफाईचं आहे. शाम्पूनं धुवा. मग पातळ केलेला ऑल पर्पज क्लीनर आणि मऊ ब्रश. फेस मळकट येतो तोवर पुन्हा पुन्हा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून मायक्रोफायबरनं पुसा, म्हणजे आधीचं तेल, सिलिकॉन, वॅक्स सगळं निघतं. पांढऱ्या कापडाला काही लागेनासं झालं की प्लॅस्टिक तयार. भर उन्हात, तापलेल्या गाडीवर यातलं काही करू नका, सगळं डाग पाडून वाळतं.

प्लॅस्टिक अजून काळं असेल तर पाण्यावर आधारित, चिकट न राहणारं, अतिनील किरण शोषणारं ड्रेसिंग पुरेसं आहे. '३०३' या ब्रँडसारखी उत्पादनं याच वर्गातली. ओलसर कापडावर घेऊन लावा आणि उरलेलं कोरडं पुसून काढा. महिना-दीड महिन्यानं पुन्हा लावावं लागतं, तेवढी तयारी असेल तरच या वाटेला जा. पावसाळ्यात त्याचा टिकाव कमी. बाटलीवर 'यूव्ही' छापलंय एवढ्यावर भुलू नका. लावल्यावर हाताला तेलकट लागत असेल आणि तासाभरात धूळ धरत असेल तर ते टायरचं पॉलिश आहे, दुसरं काही नाही.

एकदाच करून विसरायचं असेल तर ट्रिमसाठीचं, म्हणजे या काळ्या प्लॅस्टिकच्या भागांसाठीचं, सिरॅमिक कोटिंग. ते प्लॅस्टिकवर कडक थर धरतं, धुण्यानं जात नाही, एक-दोन वर्षं चालतं. पण आधीची सफाई जरा कमी पडली तर ते त्या घाणीवरच कायमचं बसतं आणि ढगाळ पट्टे दिसतात. लावल्यानंतर निदान एक दिवस पाणी लागू देऊ नका.

पृष्ठभाग राखाडी झालाय पण पूड सुटत नाही, अशा मधल्या अवस्थेत काळं रंगद्रव्य असलेले रिस्टोरर चांगलं काम करतात. कडांना मास्किंग टेप लावा, हातमोजे घाला, अगदी थोडं घेऊन चोळून मुरवा आणि जादा पुसा. पांढऱ्या गाडीवर एक थेंब वाळला तर काढताना जीव जातो. हे काही महिने टिकतं. वरून संरक्षक थर दिला तर आणखी.

पूड सुटत असेल तर मात्र दोनच सरळ रस्ते, रंग किंवा नवा भाग. काऊल, हँडल, आरशाचा खालचा भाग हे सुटे मिळतात, आणि मजुरी धरली तर रंगापेक्षा नवाच परवडतो. मोठं क्लॅडिंग असेल तर रंग. पण पॉलिप्रॉपिलीनला रंग आपणहून धरत नाही. राखाडी स्कॉचब्राइटनं हलकं घासणं, अल्कोहोलनं पुसणं, मग प्लॅस्टिक प्रायमर, मग लवचीक मॅट ब्लॅक किंवा टेक्स्चरचा रंग. प्रायमर वगळून थेट स्प्रे कॅन मारलेल्या पट्टीचे पापुद्रे पहिल्याच उन्हाळ्यात निघतात. आणि रंगाला द्यायची गाडी असेल तर आधी कित्येक आठवडे सिलिकॉनला हात लावू नका. ते शेजारच्या पत्र्यावर उडतं आणि नव्या रंगात बारीक खड्डे पडतात. मग दोष पेंटरचा धरला जातो.

वैशाखवणवा

प्रतिसाद फार उपयोगी. गाडीला पॉलिश केल्यावर क्लॅडिंगच्या खाचांत पांढरं बसलंय. ओलं केलं तरी तसंच दिसतं, म्हणजे सातमाळांच्या परीक्षेत वॅक्स ठरलं. ब्रशनंही पूर्ण निघत नाही. काय करू?

रंगारी_पुणे

ताई, शाळेत वापरतात ते पांढरं खोडरबर घ्या आणि कोरड्या प्लॅस्टिकवर हळूहळू खोडा. खाचांतलं वाळलेलं वॅक्स त्याला चिकटून निघतं. उरलं तर गरम पाण्यात बुडवलेला टूथब्रश आणि शेवटी अल्कोहोल. पुढच्या वेळी पॉलिशच्या आधी प्लॅस्टिकच्या कडेनं मास्किंग टेप लावायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, पण गर्दीच्या दिवशी बहुतेक ठिकाणी ते वगळतात.

वैशाखवणवा

खोडरबरानं खरंच निघालं! मुलाच्या कंपासमधलंच घेतलं. मनापासून धन्यवाद.

मस्कतकर

आखातात ऊन तुमच्यापेक्षा कडक आणि पाऊस जवळपास नाही. इथे नवी गाडी घेतल्यावर आधी ट्रिमला कोटिंग करून घेणारे बरेच आहेत. ज्यांनी केलं त्यांच्या गाड्या काळ्या राहिल्यात, उशिरा जागे झालेले बाटल्या बदलत बसलेत. धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याला माझं +१.

जुनी_गाडी_शोधतोय

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की प्लॅस्टिक काळं कुळकुळीत असतं आणि महिन्याभरात राखाडी. आधीच ओळखायचा काही मार्ग?

सातमाळा

@जुनी_गाडी_शोधतोय, मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणि पांढरा कापूस घेऊन जा. विक्रेत्याला विचारून काऊलच्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत पुसा आणि वाळू द्या. ड्रेसिंग निघालं की खरा रंग समोर येतो. मग बॉनेट उघडून काऊलचा झाकलेला भाग बघा, तिथे ऊन पोचत नाही. दोन्ही रंगांतला फरक म्हणजे गाडी किती वर्षं उघड्यावर उभी होती त्याचा अंदाज. एकाच बाजूचं क्लॅडिंग जास्त उतरलेलं असेल तर ती रोज एकाच जागी, एकाच तोंडानं उभी राहायची. आणि एकच भाग बाकीच्यांपेक्षा नवा काळा दिसला तर तो बदललेला असू शकतो. का बदलला ते विचारा, कदाचित तिथे धडक झालेली असेल.

संत्रानगरी

शेवटचा प्रश्न. मला तीन महिने बाहेरगावी जायचंय, गाडी उघड्यावरच राहील. कव्हर घालावं की नाही? कोणी म्हणतं कव्हरनं रंगावर ओरखडे येतात.

सातमाळा

घाला. उन्हासाठी याहून खात्रीचा उपाय नाही, किरण पोचलेच नाहीत तर प्रश्नच मिटला. ओरखडे येतात ते कव्हराखाली राहिलेल्या धुळीमुळे आणि वाऱ्यात कव्हर फडफडल्यामुळे. म्हणून गाडी आणि कव्हर दोन्ही स्वच्छ, पूर्ण कोरडं करून मगच घाला आणि पट्टे पोटाखालून घट्ट बांधा. आतून मऊ अस्तर असलेलं, हवा खेळू देणारं कव्हर घ्या. प्लॅस्टिकच्या कागदासारखं अजिबात नको, ओल आत कोंडते. घालण्याआधी काऊल आणि रूफ रेल अल्कोहोलनं पुसून पाण्यावर आधारित ड्रेसिंगचा एक पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. मधे शेजाऱ्यांना कधी कव्हर काढून वारा द्यायला सांगता आलं तर उत्तमच.